शपथेचे तांदूळ

चहा अर्ध्यावर ठेवून जागेश्वर उठला, ओसरीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने जाहीर केलं की या घरात शिस्त म्हणून उरलेली नाही.

कोणी मान वर केली नाही. धान चुरून, म्हणजे मळून, झालं, हाताला काम राहिलं नाही, की हे वाक्य दरवर्षी यायचं. थंडीचा खोकला येतो तसं. पण या वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती. खोकल्याच्या पाठोपाठ ताप होता.

झालं होतं असं. शिडी निशाणीचे या भागातले पुढारी, तुमसरचे मुन्नाभाऊ, आदल्या दिवशी करडीत येऊन गेले. पानठेल्यासमोर गाडी थांबवून, काच खाली करून त्यांनी विचारलं, "जागेश्वरभाऊ, घरची मतं किती पक्की?" भोवती गावातली रिकामी माणसं उभी होती. अशा वेळी माणूस खरं बोलत नाही, मोठं बोलतो. "घरची? पाचची पाच! सुखरामचं घर म्हंजे शिडीचं घर. विचारता कायले?" मुन्नाभाऊ काच वर करता करता जरा हसले फक्त. ते हसू घेऊन जागेश्वर घरी आला आणि पाहतो तर अंगणात पोराची मोटारसायकल उभी, आणि तिच्या टाकीवर बादली निशाणीचं हे एवढं मोठं स्टिकर. भिंतीवर शिडी, दारात बादली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, या घरात रंगरंगोटीचं काम चालू आहे.

सुखराम म्हणजे जागेश्वरचे वडील. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली, पण शिडीच्या बाबतीत त्यांचा शब्द अजून घरात चालायचा. शिडीवर त्यांची इतकी निष्ठा, की घरातली बांबूची खरी शिडी ते शेजाऱ्याला उसनी देत नसत. "निशाणी कोणाच्या छपराले लावाची नसते," म्हणत. पावसाळ्याआधी छपरावरची कवेलू फेरायला शेजारी टिकारामला टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर पाट ठेवून चढावं लागे. त्यावरून तो एकदा पडलाही होता. तेव्हापासून टिकारामने कुठल्याही पक्षावर पूर्ण भार टाकणं सोडलं.

"निकेश, इकडे ये," जागेश्वर म्हणाला.

निकेश नागपूरला मोबाइलच्या कंपनीत होता, मतदानासाठी म्हणून आला होता आणि आल्यापासून झोपून होता. तो डोळे चोळत आला.

"ते बादलीचं काय लावून राहिला गाडीले?"

"स्टिकर आहे, बाबा."

"ते दिसते मले. काहून लावलं?"

"पटलं म्हणून लावलं. तुमी नोयते का कॉलेजात पंखा निशाणीवाले? टिकाकाका सांगत होते, शिडीले करवत लावा म्हणून तुमसरच्या बाजारात घोषणा देत फिरत होते म्हणे तुमी."

जागेश्वरने भिंतीपलीकडे टिकारामच्या घराकडे पाहिलं. "तवा मी लहान होतो."

"माह्याएवढे होते."

"मंग तू बी लहानच आहेस!"

निकेशने जांभई दिली, आणि जागेश्वरला आपण जिंकलो असं वाटलं. खरं सांगायचं तर माणसाच्या राजकीय मतांचं दातांसारखंच असतं. दुधाचे पडतात, पक्के येतात, पक्के आहेत पक्के आहेत म्हणता म्हणता तेही हलायला लागतात; आणि साठीच्या सुमाराला दुसऱ्याने बसवून दिलेल्यांनीच चावावं लागतं.

मग त्याने मोर्चा लेकीकडे वळवला. प्रेरणाचं हे पहिलंच मतदान. "अन् तुहं?"

"मी उमेदवार पाहून ठरवीन."

"उमेदवार कायले पाहाचा? नवरदेव आहे का तो?"

"नवरदेव तर तुमीच पाहाल म्हणता. उमेदवार तरी मले पाहू द्या."

चुलीपाशी बसलेल्या गोदावरीबाई, म्हणजे जागेश्वरची आई, तोंडाला पदर लावून खोकल्या. तो खोकला नव्हता, हे घरात फक्त जागेश्वरला कळलं नाही. बायको रुपा तांदूळ निवडत होती. तिला काही विचारायची जागेश्वरची हिंमत झाली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात रुपाने मत कोणाला दिलं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. त्याने ते शिडीच्या खात्यात धरून टाकलं होतं, बस.

आणि तिथेच, अर्ध्या चहाच्या कपासमोर, त्याला वडिलांची शपथ आठवली.

सुखराम प्रत्येक निवडणुकीला घरातल्या सगळ्यांना देवघरासमोर उभं करायचे. पितळेच्या वाटीत तांदूळ. प्रत्येकाने मूठभर उचलायचे, "या घरचं मत शिडीले" म्हणायचं आणि मूठ परत वाटीत सोडायची. आपल्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, तांदळावर खोटं बोललं की बांधीत पोचट पिकतं, हे करडीत लहान पोरालाही ठाऊक. झेंड्यावर हात ठेवून माणूस खोटं बोलेल. कोर्टात तर बोलतोच. तांदळावर नाही.

आणि शपथ मोडल्यावर काय होतं, हे त्या घरात जागेश्वरइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

हे त्याने आजवर कोणाजवळ काढलेलं नव्हतं. पहिल्या मतदानाला, अंगात पंखा भरलेला असताना, त्याने वडिलांसमोर मूठ उचलून शिडीची शपथ घेतली होती. आणि शाळेतल्या त्या गोणपाटाच्या आडोशामागे जाऊन शिक्का मारला होता पंख्यावर. त्या वर्षी शिडी आपटली. ते एक वेळ चाललं असतं. पण त्याच हंगामात खालच्या बांधीला तुडतुडा लागला. हिरवंगार धान असं जळत गेलं जसं कोणी वरून गरम राख फेकली. सुखराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून नुसते पाहत राहिले. जागेश्वर त्यांच्या मागे उभा होता. त्याच दिवशी त्याने पंखा सोडला आणि शिडी धरली. गाव म्हणालं, पोट्ट्याला अक्कल आली. सुखराम म्हणाले, संस्कार कुठे जात नाहीत. कॉलेजातले मित्र म्हणाले, विकला गेला. खरी गोष्ट एवढीच, की जागेश्वरचं राजकीय परिवर्तन एका किड्याने केलं होतं.

"रुपा," तो आता गरजला, "देवघरातली पितळी वाटी तांदूळ भरून आण!"

रुपाने सासूकडे पाहिलं. सासूने रुपाकडे पाहिलं. मग रुपा उठली, वाटी घेतली आणि मागच्या पडवीत गेली. येताना तिच्या मागे घरच्या चारदोन कोंबड्या लगबगीने आल्या, थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत.

जागेश्वरला वाटलं होतं, भांडण होईल. कोणी म्हणेल लोकशाही आहे, कोणी म्हणेल गुप्त मतदान आहे. उत्तरं त्याने तयार ठेवली होती. पण गोदावरीबाई सर्वांआधी पुढे आल्या. "पहिले मी." मूठ उचलली, खणखणीत आवाजात "या घरचं मत शिडीले" म्हणाल्या. मग रुपा. प्रेरणा जरा कुरकुरली, तर आजीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीचे डोळे मोठे झाले आणि ती हसतच पुढे आली. तिने निकेशच्या कानात सांगितलं, आणि निकेशने तर बादलीवाल्याला शोभणार नाही इतक्या उत्साहाने शपथ घेतली. जुनं ते सोनं, जागेश्वरला वाटलं. पोरं वाईट नसतात, वाटी दाखवणारा पाहिजे.

एक कोंबडी उडी मारून वाटीपाशी आली. "शुभ आहे," जागेश्वर म्हणाला.

हे सगळं भिंतीवरून पाहणारा टिकाराम तेवढ्यात आत आला. टिकाराम सल्ला द्यायला कधी चप्पल घालून येत नसे. वेळ जातो म्हणून.

"भल्लं काम केलंस गा. पण एका घरची शपथ म्हंजे एका बांधीले पाणी. साऱ्या वॉर्डाले देना! मुन्नाभाऊ तुले डोस्क्यावर घेऊन नाचन."

जागेश्वरने लगेच फोन लावला. मुन्नाभाऊ पलीकडून इतके खूश झाले की त्यांनी दोनदा "वा" म्हटलं. रविवारी हनुमानाच्या पारासमोर मंडप, सामूहिक शपथ, आणि जागेश्वरभाऊ शपथप्रमुख! असं पद पक्षात नव्हतं, पण पदांची कमी असलेला पक्ष कोणी पाहिला आहे? दुसऱ्याच दिवशी तुमसरहून छातीला लावायचा बिल्ला आला. एका शाळेतून लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या छातीला काय लागतं, हे मुन्नाभाऊंना बरोबर कळत होतं. जागेश्वर तो बिल्ला लावून संडासालाही गेला.

पण सामूहिक म्हटलं की अडचणी आल्याच. पहिली अडचण केशरबाईने काढली. केशरबाई ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, वस्तीतली; तलावातली मासोळी विकायला रोज याच गल्लीतून जायची आणि जाता जाता गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीवर निकाल देऊन जायची.

"तांदळाची शपथ आमाले नाही लागत, जागेश्वरभाऊ. आमी तांदूळ इकत घेतो. इकतच्या वस्तूवर कायची शपथ? आमची लागते तलावाच्या पाण्यावर."

"मंग तलावाचं पाणी ठेवू मंडपात. बादलीभर…" म्हणता म्हणता जागेश्वरने जीभ चावली. शिडीच्या मंचावर बादली! विरोधकांनी फोटो काढला म्हणजे? पाण्यासाठी पितळेचा गुंड, म्हणजे हंडा, आणायचं ठरलं. मग कोणीतरी दाखवून दिलं की मंडपवाला सोबत दोन पंखे आणतो. पंखा ही पंख्यावाल्यांची निशाणी. थंडीचे दिवस होते, पंखे काढून ठेवता आले असते; पण मंडपवाला म्हणाला, पॅकेज आहे, पंखे येतीलच. शेवटी त्यांना धोतरं गुंडाळली. दोन्ही बाजूंना धोतर गुंडाळलेले दोन पंखे, असा तो मंडप दिसायला थोडा शोकसभेसारखा झाला, पण आचारसंहिता आपल्याकडून तरी मोडली नाही याचं जागेश्वरला समाधान होतं.

दुसरी अडचण मोठी. मुन्नाभाऊंनी शपथेसाठी तुमसरच्या राईस मिलमधून तांदळाचं पोतं पाठवून दिलं. पोतं पाहून सारा वॉर्ड बिथरला.

"मिलचा तांदूळ?" टिकाराम म्हणाला. "त्यात कोंढा गावचं धान असन, बालाघाटचं असन. खोटं मी बोलाचं अन् पोचट त्या बालाघाटवाल्याच्या बांधीत? बिचाऱ्यानं काय बिघडवलं माहं?"

यात न्यायाचा मुद्दा होता. रात्रंदिवस चर्चा झाली. ठरलं असं, की ज्याने त्याने आपापल्या घरून, आपापल्या बांधीतल्या तांदळाची वाटी आणायची. पोतं पाराच्या कडेला तसंच पडून राहिलं. ते परत पाठवावं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

इकडे जागेश्वरला मात्र दुसरीच काळजी कुरतडू लागली होती. शपथ तर घेतली, पण निकेशने गुपचूप बादलीलाच मत दिलं तर? पोरगा रक्ताचा होता, आणि ते रक्त काय करतं याचा अनुभव जागेश्वरला होता. मुन्नाभाऊंसमोर नाक राहावं म्हणून आपण खालची बांधी डावावर लावली की काय? तो दोनदा सहज फिरायला जातो म्हणून खालच्या बांधीपर्यंत जाऊन आला. बांधीत नुसती धसकटं होती. तरी त्याने वाकून पाहिली.

रविवार उजाडला. जागेश्वर इस्त्रीचा पांढरा सदरा, बिल्ला आणि हातात पितळी वाटी घेऊन घरातून निघाला. मागे रुपा, गोदावरीबाई, पोरं, आणि त्यांच्याही मागे कोंबड्या. पारासमोर बाया आपापल्या वाट्या पदराखाली धरून रांगेत उभ्या होत्या. मुन्नाभाऊ रस्त्यात होते. पुढारी कुठेही नसला की रस्त्यात असतो.

जागेश्वरने माईक हातात घेतला. "बंधू आणि भगिनींनो," एवढं तो म्हणाला आणि एक पांढरी गाडी धूळ उडवत येऊन थांबली. मुन्नाभाऊ आले समजून टिकारामने हार पुढे केला. गाडीतून उतरले ते निवडणुकीच्या भरारी पथकाचे साहेब. हार त्यांच्या गळ्यात पडता पडता वाचला. त्यांच्या मागे कॅमेरावाला, आणि कॅमेरावाल्याच्या मागे फाइल घेतलेले कारकून.

साहेब सौम्य होते. बरेच दिवस नीट झोप न झालेल्या माणसाचा सौम्यपणा होता तो. "सभेची परवानगी?"

"सभा नाही साहेब, शपथ आहे," जागेश्वर म्हणाला.

"शपथेची परवानगी?"

"देवाची आहे."

"लेखी?"

जागेश्वरने हनुमानाकडे पाहिलं. तिकडून काही आलं नाही.

"आणि हे पोतं कोणाचं?"

आता गंमत पाहा. आचारसंहितेत मतदारांसमोर तांदळाचं पोतं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही साहेबांच्या आवाजावरून कळलं. पोत्याला टेकून बसलेला माणूस उठला. पोत्यावर पाय ठेवलेल्या पोराने पाय काढला. बघता बघता पोतं इतकं एकटं पडलं की त्याची दया यावी. जागेश्वरने मुन्नाभाऊंना फोन लावला. आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते, अशी सुरुवात ऐकून त्याने तो बंद केला.

"वाटायला नाही साहेब ते. शपथेले आणलं होतं. पण मिलचा तांदूळ शपथेले चालत नाही म्हणून तसंच ठेवलं."

"मग शपथ कशावर?"

इथे जागेश्वरची मान ताठ झाली. मंचावर कॅमेरा चालू होता, समोर सारा वॉर्ड होता, छातीवर बिल्ला होता. त्याने वाटी पुढे केली. "याच्यावर! माह्या बापाची वाटी, अन् यातला दाणा न् दाणा माह्या बांधीतला. मी पेरला, मी कापला, मी चुरला!"

साहेबांनी मूठभर तांदूळ तळहातावर घेतले. बोटाने पसरले. मग चष्मा वर करून पुन्हा पाहिले.

"हा तर रेशनचा आहे."

"काय?"

"मी आधी पुरवठा विभागात होतो. हे पाहा, हे मधले पिवळट दाणे. वरून मिसळलेले असतात, पोषणासाठी. हे घरच्या धानात येत नाहीत."

ते पिवळट दाणे गावाला ओळखीचे होते. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बाया ते निवडून फेकत. केशरबाईने पुढे होऊन वाटीत डोकावलं आणि निकाल दिला, "कंट्रोलचा आहे वो! कोंबड्याचा!" रेशनच्या दुकानाला या भागात अजून कंट्रोलच म्हणतात, आणि घरी धान असलेल्या घरांत कंट्रोलचा तांदूळ कोणाच्या पोटात जातो, हे मंचाजवळ मान उंचावून उभ्या असलेल्या कोंबड्यांकडे पाहिलं की कळत होतं.

जागेश्वरला मंच जरा हलल्यासारखा वाटला. त्याने रुपाकडे पाहिलं. रुपा पंख्याच्या धोतराकडे पाहत होती.

"ऐकून घ्या साहेब, एखाद्या घरी चूक होते," टिकाराम मदतीला धावला. "सारा वॉर्ड तसा नाही. माह्या घरची वाटी पाहा!" आणि त्याने बायकोच्या, देवकाबाईच्या, पदराखालची वाटी ओढली. देवकाबाई "राहू द्या ना वो, राहू द्या" म्हणेपर्यंत वाटी साहेबांच्या हातात होती. साहेबांनी पाहिलं. पिवळट दाणे. पुढची वाटी. पिवळट दाणे. साहेब रांगेतून चालत गेले, कॅमेरा मागून चालत गेला, आणि एकेका बाईचा पदर एकेक वाटी झाकण्याचा प्रयत्न करत मागे सरकत गेला. सारा वॉर्ड शपथेला कोंबड्यांचा तांदूळ घेऊन आला होता. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. ठरवून असं होत नाही. मुरलेलं असेल तरच होतं.

नवरे मंडळी उभी होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. इतकी शांतता त्या पारासमोर श्रद्धांजलीलाही झाली नव्हती.

कारकुनाने फाइल उघडून विचारलं, "साहेब, हे कशात लिहू? रोख, दारू, भेटवस्तू की इतर?" साहेबांनी बराच विचार केला. तांदूळ सरकारचा, दिला सरकारने, घेतला कार्डावर, आणि मतदाराला त्यातून मिळालं काहीच नाही. "वाट्या सोडून द्या," ते म्हणाले. "पोतं बेवारस म्हणून घ्या." जाताना ते जागेश्वरजवळ थांबले. ओठ घट्ट मिटून त्यांनी हसू धरून ठेवलं होतं. "लोकशाही ठीक चालली आहे तुमच्याकडे," म्हणाले.

घरी येऊन जागेश्वरने बिल्ला काढला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. चहा आला, त्याने घेतला नाही. शेवटी गोदावरीबाई येऊन शेजारी बसल्या तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "माय, घरात एवढं धान आहे. कोठी भरली आहे. अन् बाबाच्या वाटीत कोंबड्याचे तांदूळ? माहं नाक कापलं ना तुमी."

"नाक नाही कापलं, बापा. बांधी वाचवली."

"मंजे?"

"घरच्या तांदळावर खोटं बोलणं चांगलं असते का? तुमी माणसं शपथ घ्याले लावल्याबिगर राहात नाही, अन् आमी आमच्या मनचं मत देल्ल्याबिगर राहात नाही. मंग मधात त्या धानाचा काय गुन्हा? मी लगन होऊन आली, तवा तुह्या आजानं मले शपथेले उभं केलं. मी भेवली. माह्या सासूनं कानात सांगतलं, उचल पोरी, कंट्रोलचा आहे. मी रुपाले सांगतलं. रुपा काही सांगत नाही, पण ते पोरगी हुशार आहे, तिले मी परवा सांगतलं." असं म्हणून त्यांनी प्रेरणाकडे मायेने पाहिलं, जसं कोणी घरचे दागिने हवाली केल्यावर पाहतं.

"अन् बाबाले? बाबाले ठाऊक होतं?"

"त्याहिले कोण सांगन? शिडीवर चढलेल्या माणसाले खालून हालवू नये."

भिंतीकडेच पाहत जागेश्वरने विचारलं, अगदी सहज विचारावं तसं, "दरवेळी कंट्रोलचाच?"

"दरवेळी."

"पहिलेपासून?"

गोदावरीबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात धान पाखडून पाखडून खरखरीत झालेला होता. "तुह्या वेळी बी, बापा. तू त्या पंख्यापायी किती पागल झाला होता, मले दिसत नोयतं का? झोपेत घोषणा देत होता. म्या म्हटलं, हा पोट्टा आज बापासमोर खोटं बोलन. लेकराले घरच्या तांदळाची शपथ लागू देऊ का मी?"

"पण मंग…" जागेश्वरचा आवाज चिरकला, "मंग तो तुडतुडा?"

"तुडतुडा साऱ्या गावाले आला होता त्या साली. तो काय मतदार यादी पाहून येते?"

निकेशला काही कळलं नाही, प्रेरणाला थोडं कळलं, रुपाला सगळं कळलं. आणि जागेश्वर, ज्याने एका किड्याच्या भीतीने उभं आयुष्य शिडीचे झेंडे बांधले, भिंती रंगवल्या, सभांना सतरंज्या घातल्या, तो आधी आ वासून बसला, मग त्याचे खांदे हलू लागले. रुपाला वाटलं रडतो आहे. तो हसत होता. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

मतदानाच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी तयार. इतका, की रुपाने विचारलं, "लग्नाले चाललो का आपण?" त्याच्या पायात बळ आलं होतं. आईला हात धरून नेताना तोच पुढे ओढत होता, तर गोदावरीबाई म्हणाल्या, "हळू बापा, मशीन पळून नाही जात."

वाटेत पानठेल्यासमोर मुन्नाभाऊंची गाडी उभी होती. काच खाली झाली. पोत्याविषयी कोणी बोललं नाही. "जागेश्वरभाऊ, घरची किती?"

"पाच, भाऊ."

"पाचची पाच ना?"

"पाच माणसं, पाच मतं. एवढं पक्कं सांगतो."

काच वर गेली. या वेळी मुन्नाभाऊ हसले नाहीत. हसला तो जागेश्वर.

आडोशामागे तो मशीनसमोर उभा राहिला. शिडी होती, पंखा होता, बादली होती, आणि कधी नीट न पाहिलेल्या आणखी कितीतरी निशाण्या होत्या. त्याने एकेक नाव वाचलं. पोरगी म्हणत होती ना, उमेदवार पाहून ठरवीन. त्याला आतापर्यंत वाटायचं, आपण आधी वेडे होतो, मग शहाणे झालो. आता वाटलं, आपण यातलं काहीच नव्हतो, नुसते भ्यालेले होतो. इतका वेळ लागला की बाहेरून मतदान अधिकाऱ्याने विचारलं, "काका, काही अडचण?"

"नाही ना! मजेत आहो," आतून आवाज आला. आणि मग मशीनचा लांब बीप.

बाहेर टिकाराम वाट पाहत होता. "शिडीच ना?" जागेश्वरने नुसतं शाईचं बोट वर केलं. टिकारामने ते बोट नीट निरखून पाहिलं, जसं काही त्यावर लिहिलेलं असेल.

दुपारी सगळे ओसरीत एका पंगतीला बसले. रुपाने वाफेचा भात वाढला, वर वाटाण्याची भाजी. सगळ्यांनाच आतून उकळ्या फुटत होत्या. शेवटी निकेशला राहवलं नाही. "बाबा, खरं सांगा, कोणाले देल्लं? मी माहं सांगतो, तुमी तुमचं सांगा."

"सांग ना वो," रुपाही म्हणाली. तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

जागेश्वरने तोंड उघडलं. तेवढ्यात गोदावरीबाईंनी हात वर केला. "थांबा. रुपा, हा भात कोणता आहे?"

"घरचा, आई. खालच्या बांधीतला."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. निकेशने मान खाली घातली. प्रेरणाने लोणच्याची बरणी विनाकारण जवळ ओढली. रुपाला चुलीवर काहीतरी आठवलं. गोदावरीबाई भाजी चांगली झाली म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

जागेश्वरने भाताचा चांगला मोठा घास तोंडात कोंबला, आणि तोंड भरलं आहे, आता बोलता येत नाही, असं डाव्या हाताच्या बोटाने सगळ्यांना दाखवलं. शाईच्याच बोटाने.